नीरक्षीरविवेक आणि थापट्या

हंस पाण्यातून दूध तेवढे निवडून पितो, हा दृष्टांत मी पंचवीस वर्षे वर्गात शिकविला. परंतु जलपक्षी तोंडात घेतलेल्या पाण्याचे करतात तरी काय, हे पाहण्याचे कष्ट कधी घेतले नाहीत. ही कबुली देण्याचा प्रसंग कोडोलीस आला.

मार्गशीर्षातील एका सकाळी वारणेकाठच्या पाणथळीत दहाबारा थापट्या बदके उतरली होती. फावड्यासारखी रुंद चोच पाण्यात बुडवून ती एकामागे एक गोल पोहत होती. बैलांना पाणी पाजण्यास आलेला एक वृद्ध शेतकरी म्हणाला, "मास्तर, पानी ढवळत्यात आन् चोचीनं गाळून खात्यात बगा."

पुढे प्राणिशास्त्राचे ग्रंथ चाळले, तेव्हा त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. थापट्याच्या चोचीच्या कडांना फणीच्या दातांसारखी बारीक झालर असते. जीभ पाणी आत ओढते व बाजूंनी बाहेर लोटते. सूक्ष्म जीव आणि बिया झालरीत अडकतात. गोल पोहण्याने खालचे अन्न वर येते. रोहित पक्षी तर डोके उलटे करून हेच गाळण्याचे काम करतो.

मग नीरक्षीरविवेकाच्या मुळाशी असेच एखादे निरीक्षण असेल काय? कमळाच्या देठातील दुधासारखा रस हेच ते क्षीर, असाही अर्थ पंडितांनी केला आहे. निर्णय देण्याचे धाडस मी करीत नाही. मात्र पूर्वजांची दृष्टी अधू नव्हती, हे निश्चित. मेघदूतातील हंस वर्षारंभी मानसाकडे निघतात. आणि पट्टकादंब हंस हिवाळा भारतात काढून खरोखरच तिबेट व मध्य आशियातील सरोवरांकडे विणीसाठी परततात. ते पावसाच्या पुष्कळ आधी निघतात, एवढाच फरक. दिशा कवीने अचूक सांगितली आहे.

उलट युरोपात पाकोळ्या हिवाळ्यात दडून बसतात, ही ॲरिस्टॉटलच्या काळापासूनची समजूत अठराव्या शतकापर्यंत टिकली. १८२२ साली जर्मनीत मानेत आफ्रिकी भाला रुतलेला करकोचा सापडला, तेव्हा पक्षी कोठे जातात याचा पुरावाच हाती आला. १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या जातीतील पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घातली आणि शोधाला पद्धत लाभली. आपल्याकडे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली हे कार्य मोठ्या प्रमाणावर हाती घेतले.

या इतिहासात शास्त्राने काव्याचा पराभव केला, असे मला दिसत नाही. कवीने पाहिले होते, शेतकऱ्याने पाहिले होते, शिक्षक मॉर्टेन्सननेही पाहिले; न पाहता शिकवीत राहिलो तो मी.

आता वर्गात तो दृष्टांत आला की मी फळ्यावर थापट्याची चोचही काढतो. चित्र साधत नाही, मुले हसतात. परंतु गेल्या हिवाळ्यात त्यांपैकी दोघेजण भल्या पहाटे वारणेकाठी बसून आले, एवढे समाधान मला पुरेसे आहे.