इंजिनाला कळलं पाहिजे, टाकीत काय आहे

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, तुम्ही कुठेही असा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यावरून घरोघरी वाद चालू आहेत. पण एका इंधनावरून दुसऱ्यावर जाण्याचा प्रश्न जुना आहे. तो सगळ्यांत स्पष्ट दिसतो वेगवान मोटारींमध्ये, कारण तिथे इंजिन ताकदीच्या टोकापर्यंत ताणलेलं असतं.

आधी थोडं शास्त्र. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त ओतावं लागतं. एका लिटरमागे त्यात ऊर्जाही पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. मग फायदा काय? त्याचा ऑक्टेन आकडा मोठा, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. सिलिंडर आतून थंड राहतो. त्यामुळे टर्बोचा दाब वाढवता येतो, ठिणगी लवकर टाकता येते, आणि तरी नॉकिंग होत नाही.

हा थंडावा काढून घेतला की काय होतं, ते १९५८ साली फॉर्म्युला वनमध्ये दिसलं. तोवर तिथल्या अनेक गाड्या अल्कोहोलवर, मुख्यतः इथेनॉलच्या भावंडावर, म्हणजे मिथेनॉलवर धावत. त्या वर्षीपासून नियम आला: विमानाचं पेट्रोलच वापरा. ब्रिटनच्या व्हॅनवॉल संघाचं इंजिन अल्कोहोलच्या थंडाव्यावर बेतलेलं होतं. ते पेट्रोलसाठी बदलण्यात वेळ गेला आणि अर्जेंटिनातली पहिली शर्यत हुकली. ती स्टर्लिंग मॉसने छोट्या कूपर गाडीत जिंकली. व्हॅनवॉलने मात्र इंजिन नव्याने जुळवलं, त्या वर्षी ६ शर्यती जिंकल्या आणि उत्पादकांचं पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं. इंधन बदललं तर इंजिनाची सगळी मांडणी बदलावी लागते, हा पहिला धडा.

दुसरा धडा ब्राझीलचा. १९७३च्या तेलसंकटानंतर तिथल्या सरकारने १९७५मध्ये प्रोआल्कोल योजना आणली. १९७९मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिथे विकल्या जाणाऱ्या दहातल्या नऊ नव्या मोटारी इथेनॉलच्या होत्या. मग तेल स्वस्त झालं, साखर महाग झाली, कारखाने साखरेकडे वळले. १९८९-९०मध्ये पंपांवर इथेनॉलचा तुटवडा पडला. गाडी धडधाकट, पण टाकीत घालायला काही नाही!

मी फौजेत ताफे चालवले आहेत. तिथे इंधनाची ताकद हा दुसरा प्रश्न. पुढच्या मुक्कामावर ते मिळणार का, हा पहिला. ब्राझीलच्या लोकांनी या पहिल्या प्रश्नाची किंमत मोजली. म्हणूनच २००३मध्ये फोक्सवॅगन गोल ‘टोटल फ्लेक्स’ आली तेव्हा तिचं स्वागत झालं. धुराड्यातल्या ऑक्सिजन सेन्सरवरून तिचा संगणक मिश्रण ओळखायचा आणि इंधनाचं माप स्वतःच बदलायचा.

स्वीडनने या सोयीला ताकदीची जोड दिली. २००५ची साब ९-५ बायोपॉवर: तेच २ लिटरचं टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० अश्वशक्ती देई, तर ८५ टक्के इथेनॉलच्या ई८५वर १८०. २००७मध्ये कोनिगसेगची सीसीएक्सआर आली, ई८५वर १,०१८ अश्वशक्तीची. तिची पेट्रोलवाली बहीण सीसीएक्स ८०६वर थांबायची. फरक नुसत्या इंधनाने पडला नाही. इंजेक्टर, इंधनाच्या नळ्या, पिस्टनच्या रिंगा आणि हवेचा दाब, सगळं बदललं होतं.

आता जो हौशी माणूस आपली गाडी ट्यून करून घेतो, त्याचा धोका इथेच असतो. त्याच्या संगणकात दोन मॅप असतात, एक पेट्रोलचा, एक ई८५चा. पेट्रोलच्या मॅपवर ई८५ भरलं तर इंजिनाला इंधन कमी पडतं. गाडी अडखळते, आणि जोर लावला तर इंजिन भाजतं. ई८५च्या मॅपवर पेट्रोल भरलं तर ते जास्त वाईट. दाब चढलेला, ठिणगी लवकर, आणि थंडावा गायब. नॉकिंग सुरू होतं आणि काही क्षणांत पिस्टन फुटू शकतो. शिवाय टाकीत आधीचं इंधन उरलेलं असतंच, म्हणजे प्रत्यक्ष मिश्रण दोन्ही मॅपांत बसत नाही. म्हणून जाणकार लोक इंधनाच्या वाटेवर इथेनॉलचं प्रमाण मोजणारा सेन्सर बसवतात आणि मॅप त्याच्या आकड्यावर सोडतात. अंदाजावर नाही.

आपल्या रस्त्यावरच्या साध्या गाडीला एवढा ताण नसतो. पिस्टन फुटण्याची भीती तिथे आणू नका. पण तत्त्व तेच. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलं होतं, की मूळ पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई२०वर ६ ते ७ टक्के घटेल. ई१०साठी बनलेल्या आणि ई२०साठी जुळवलेल्या चारचाकीत घट १ ते २ टक्के.

इथेनॉल शत्रू नाही, आणि जादूही नाही. उसाच्या शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, परदेशी तेलाचा खर्च वाचतो. पण १९५८पासूनचा इतिहास एकच सांगतो: इंधन बदलणाऱ्याने आधी इंजिन तयार करावं, आणि गाडीवाल्याला परतीची वाट ठेवावी. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ई१० लिहिलंय की ई२०, ते आज एकदा उघडून वाचा.

जय हिंद.