एक दप्तर, अनेक वाचक

पूर्वी आपल्या वसईच्या गावांतून जमिनीचे दप्तर तलाठ्याकडे असायचे. उतारा कुणीही मागावा, लेखणी मात्र त्याच्याच हाती. तारेने जोडलेल्या संगणकांतही हाच प्रश्न आला: दप्तर एक, वाचणारे अनेक, मग लिहायचे कुणी?

पुण्यात जन्मलेल्या विनोद खोसला यांनी १९८२ साली अमेरिकेत तिघा सहकाऱ्यांसह सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी काढली. तिच्या युनिक्स यंत्रांसाठी १९८४ च्या सुमारास ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ रचली गेली. दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्याच यंत्रात असल्यासारखी उघडू लागली. कंपनीने नियम झाकून ठेवले नाहीत. १९८९ मध्ये ते जाहीर दस्तऐवज म्हणून निघाले. त्यामुळे इतरांच्या यंत्रांनाही ती बोली आली.

आज लिनक्स सर्व्हरवर ‘एक्स्पोर्ट्स’ नावाची साधी यादी असते. प्रत्येक ओळीत आधी कपाटाचे नाव, मग ते कोणत्या यंत्राला उघडे, आणि त्याला चिकटून कंसात अधिकार: नुसते वाचायचे, की लिहायचेही? मेख इथेच आहे. यंत्राचे नाव आणि कंस यांत चुकून जागा सुटली, तर लिहिण्याचा अधिकार त्या यंत्राला न मिळता बाकी साऱ्या जगाला मिळतो! शाळेची गुणपत्रके त्या कपाटात असली तर?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, सर्वांना वाचन द्या, लेखणी मोजक्यांना द्या, आणि ती ओळ दोनदा तपासा.