श्वानासह बिऱ्हाड

महाभारताच्या आरंभी आणि अखेरीस एकेक कुत्रे आहे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणी सरमेचा पुत्र येतो आणि राजाचे भाऊ त्यास मारून हाकलून देतात. तो रडत आईकडे जातो. सरमा येऊन राजास एकच गोष्ट विचारते: माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्यास तोंडही लावले नाही, मग त्यास मारले का? त्या प्रश्नास कोणी उत्तर देत नाही. पुढे महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन युधिष्ठिरास न्यावयास येतो, पण श्वान बाळगणाऱ्यास स्वर्गात जागा नाही, त्यास सोडून ये, अशी अट घालतो. आश्रितास टाकून मिळणारा स्वर्ग धर्मराज नाकारतो.

लहानपणापासून ऐकलेल्या या कथा आम्हांस घरमालक आणि भाडेकरू यांच्या तंट्याप्रमाणे वाटू लागल्या, त्यास कारण सप्तापूर.

काही वर्षांपूर्वी आम्ही धारवाडच्या या भागात बिऱ्हाडासाठी घर शोधीत होतो. घरात वृद्ध मातोश्री, पत्नी, दोन मुले आणि नऊ वर्षांचा एक गावठी कुत्रा. सात घरे पाहिली. भाडे ठरे, अनामत ठरे, आणि कुत्र्याचे नाव निघताच बोलणे संपे. एका गृहस्थांनी तर कोणते कुत्रे, किती मोठे, हेही विचारले नाही. तशी घरांची वाण असल्यामुळे त्यांस विचारण्याची गरजही नव्हती. आमच्या मागे चार जण उभे होते.

ही वाण आजची नव्हे. सदर्न मराठा रेल्वेची कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय धारवाडास आले. त्याबरोबर कारकून, हिशेबनीस, अभियंते आले, आणि परगावचा मनुष्य पगारावर येऊन येथे भाड्याने राहू लागला. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी एक झाली. तिच्या कार्यालयाची ती भव्य इमारत पुढे १९१७ साली निघालेल्या कर्नाटक कॉलेजास मिळाली. कर्नाटक विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. ते १९५० मध्ये मुंबईहून धारवाडास आले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाचे फिरते पीठ बसले, आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. आता स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांनी सप्तापूरच्या गल्ल्या भरून गेल्या आहेत. दर पिढीस नवी संस्था आली, तिने नवी माणसे आणली, आणि दर वेळी घरे मागे पडली. जेथे एका खोलीस दहा गिऱ्हाइके, तेथे मालक निवड करतो. आणि निवड करणारा मनुष्य सोपी खूण शोधतो. जात कोणती, मांसाहार करता काय, भाषा कोणती, एकटे आहात काय, आणि आता, जनावर आहे काय.

आमच्या वडिलांच्या पिढीस हा प्रश्न पडला नव्हता, कारण जुन्या घराची रचनाच निराळी होती. वाड्यात गोठा असे. गाईस पहिला घास, वैश्वदेवानंतर श्वानास व कावळ्यास बळी, हा नित्याचा क्रम. परंतु येथे एक सत्य सांगितले पाहिजे. कुत्र्यास जे अन्न होते ते अंगणात होते. ओसरीच्या आत, देवघराकडे, चुलीकडे त्यास मज्जाव होता. म्हणजे आपल्या परंपरेने त्यास हिस्सा दिला, बिछाना दिला नाही. वाडा गेला, गोठा गेला, अंगण गेले, दोन खोल्यांचे बिऱ्हाड आले. तेव्हा राखणदारास बाहेर ठेवावयास बाहेरच उरले नाही. म्हणून ज्या मालकिणीस सोवळ्याची चिंता वाटते तिला क्रूर म्हणणे अन्याय होईल. तिची अडचण जुनी व खरी आहे.

कायदा याविषयी काय म्हणतो? १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते, आणि मुंबईचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा येथे लागू होता. त्याच्या १३ व्या कलमात भाडेकरूस काढण्याची कारणे मोजून दिली होती. त्यांत भाडेकरूच्या किंवा त्याच्यासोबत राहणाऱ्याच्या वर्तनाने शेजाऱ्यांस उपद्रव वा त्रास होणे, हे एक कारण होते. १९६१ मध्ये आपल्या राज्याने स्वतःचा कायदा केला. तेथेही हेच कारण राहिले. आमच्या मते त्यातील मर्माचा शब्द 'वर्तन' हा आहे. कुत्रा आहे एवढ्याने उपद्रव सिद्ध होत नाही. तो रात्रभर भुंकतो, जिन्यात घाण करतो, पोरांच्या अंगावर जातो, हे दाखवावे लागते. सरमेने सत्राच्या ठिकाणी मागितला होता तो न्याय हाच. माझ्या मुलाने काय केले ते सांगा. तो कोण आहे हे सांगू नका.

पण हे संरक्षण घरात शिरलेल्यास आहे, दारात उभ्या असलेल्यास नाही. १९६१ चा कायदा जाऊन १९९९ चा कायदा आला व २००१ च्या अखेरीस अमलात आला. आज बहुतेक व्यवहार अकरा महिन्यांच्या कराराने होतो, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो. त्या छापील कराराच्या तळाशी 'पाळीव प्राणी ठेवू नयेत' अशी एक ओळ असते, आणि सही करणाराही ती वाचत नाही. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये रहिवाशांच्या संघटनांस कळविले की सभासदांच्या बहुमतानेही त्यांस पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे नियम बेकायदा ठरविले. हे निर्णय स्वागतार्ह होत. तथापि ते संघटनांच्या नियमांविषयी आहेत. एकट्या मालकाने आपले घर कोणास द्यावे, हे त्यांनी ठरत नाही.

आठवे घर पाहण्यापूर्वी आमच्या घरी एक रात्र वाईट गेली. कुत्रा गावाकडे एका ओळखीच्या मळ्यात सोडावा, असे ठरत आले होते. मुले बोलत नव्हती. मातोश्री, ज्या त्यास देवघराच्या उंबऱ्याशीही येऊ देत नसत, त्याच म्हणाल्या, "नऊ वर्षं आपल्या दारात जेवला तो. आता कुणाच्या दारात जाईल?" आम्हांस प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पाठ होता. सबळ कारणावाचून, भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास टाकून देणे, हा त्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या अपराधास दंड १० ते ५० रुपये. मळ्यात सोडणे या व्याख्येत बसते की नाही, यावर आम्ही मनात दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला, आणि युक्तिवाद करावा लागतो याचीच लाज वाटली.

आठव्या घराच्या मालकीण वयोवृद्ध व कडक मडीच्या. मागे विहीर, तुळशीवृंदावन. त्यांनी सरळ विचारले, "ते मडीत येतं का?"

आम्ही म्हणालो, "आजी, मोकळा सोडला तर येईल. खोटं कशाला सांगावं?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वकील आहात ना? मग काय ते कागदावर लिहा."

आम्ही छापील ओळ खोडली व हाताने चार अटी लिहिल्या. कुत्रा मागील अंगणात, विहिरीकडे व वृंदावनाकडे जाणार नाही. दरवर्षी लस टोचल्याचा दाखला मालकिणीस दाखवावा. त्याने केलेली नासधूस भाडेकरू भरून देईल. त्याच्या वर्तनाचा उपद्रव झाल्यास मालकिणीने लेखी कळवावे, आणि तरीही तो न थांबल्यास भाडेकरूने दोन महिन्यांत घर सोडावे. आजींनी प्रत्येक अट दोनदा वाचून घेतली आणि सही केली.

त्या घरात आम्ही चार वर्षे राहिलो. लेखी सूचना एकदाच आली. श्रावणात कुत्रा दोर सोडवून वृंदावनापाशी जाऊन झोपला, तेव्हा कालनिर्णयाच्या फाटलेल्या पानाच्या मागे आजींनी दिनांकासह दोन ओळी लिहून पाठविल्या. आम्ही वृंदावन धुऊन घेतले, नवा दोर आणला, आणि ते पान करारासोबत जपून ठेवले.

गेल्या शतकाच्या आरंभी आपल्या सारस्वत मंडळींस मुंबईत घरे मिळेनात, तेव्हा श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीस सहकारी गृहसंस्था उभी राहिली. या देशातील पहिल्या अशा संस्थांपैकी ती एक. घराच्या शोधात परगावी फिरण्याचे दुःख आपल्या समाजास अशा रीतीने ठाऊक आहे. आज आपल्यापैकी पुष्कळ जण घरमालक आहेत. त्यांनी आपल्या दारी येणाऱ्या सर्वांस 'या' म्हणावे, असा आमचा आग्रह नाही. घर त्यांचे आहे. एवढीच विनंती की छापील ओळीवर सोडून न देता समोरच्यास विचारावे, तुमचे जनावर कसे वागते? आणि भाडेकरूने खरे उत्तर द्यावे. मग काय ठरेल ते कागदावर लिहून घ्यावे.