प्रक्षेपण तळ : नागरी की लष्करी? श्रीहरिकोटा, चांदीपूर आणि महाराष्ट्राचा सहभाग

प्रस्तावना

लष्करी तळ म्हटले की मराठवाड्यातील वाचकाच्या डोळ्यांसमोर औसा, उदगीर, कंधार, परांडा हे भुईकोट किल्ले उभे राहतात. यांपैकी परांड्याची एक हकिगत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मुलूख मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती व 1632 मध्ये तेथून विजापूरला नेण्यात आली. सुमारे 55 टनांच्या या एका तोफेच्या इतिहासात तीन गावे येतात. शस्त्र घडते एका ठिकाणी, सज्ज राहते दुसरीकडे आणि नावारूपाला येते तिसऱ्याच ठिकाणी. अग्निबाणांच्या युगातही हा क्रम फारसा बदललेला नाही. तळाचा इतिहास केवळ तळाच्या कुंपणाआड बसून लिहिता येत नाही, हे त्यामुळे आरंभीच ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

अवकाश प्रक्षेपणाचा निव्वळ लष्करी असा तळ भारतात नाही. उपग्रह सोडण्याचा तळ आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा येथे असून तो अवकाश विभागाच्या अखत्यारीत येतो. क्षेपणास्त्रांच्या चाचण्या मुख्यतः ओडिशातील चांदीपूर व अब्दुल कलाम बेट येथून होतात आणि ते क्षेत्र संरक्षण संशोधन व विकास संघटनेकडे आहे. मराठी वृत्तपत्रांच्या भाषेनेही ही विभागणी नकळत स्वीकारली आहे. उपग्रह 'अवकाशात झेपावतो', क्षेपणास्त्र मात्र 'डागले जाते'. ही विभागणी एखाद्या सुविचारित आराखड्यातून उतरली असावी, असे वरवर पाहता वाटते. कालक्रम तपासला असता चित्र निराळे दिसते. परदेशी निर्बंधांचा दबाव आणि एका किनाऱ्यावरील शेतकऱ्यांचा विरोध यांनी या विभागणीला बराचसा आकार दिला आहे.

परदेशांतील लष्करी तळ

तुलनेसाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावरील व्हँडेनबर्ग हा मूळचा कँप कुक, म्हणजे 1941 मध्ये चिलखती दलाच्या प्रशिक्षणासाठी उभारलेली छावणी. 1957 मध्ये ती हवाई दलाकडे आली आणि 1958 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. दक्षिणेकडे मोकळा समुद्र असल्याने ध्रुवीय कक्षेत उपग्रह सोडण्यास ही जागा सोयीची ठरली. कोरोना मालिकेतील हेरगिरीचे उपग्रह येथूनच गेले. मिनिटमन क्षेपणास्त्रांच्या चाचण्याही येथूनच पॅसिफिकमधील क्वाजालीनच्या दिशेने होतात. 2021 पासून हा तळ अमेरिकेच्या अवकाश दलाचा असून 'स्पेस लाँच डेल्टा 30' हे तेथील यजमान पथक आहे. खासगी कंपन्यांची प्रक्षेपणेही या लष्करी तळावरून होतात. म्हणजे तेथे लष्कर हे घरमालक आणि नागरी प्रक्षेपण हे भाडेकरू होय.

रशियातील प्लेसेत्स्कची कथा इतिहासाच्या अध्यापकांना अधिक भावेल. 1957 मध्ये आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचा तळ म्हणून त्याची उभारणी सुरू झाली व 17 मार्च 1966 रोजी तेथून कॉसमॉस-112 हा पहिला उपग्रह सोडला गेला. सोव्हिएत सरकारने या तळाचे अस्तित्व 1983 पर्यंत उघडपणे मान्य केले नव्हते. तथापि इंग्लंडमधील केटरिंग येथील एका शाळेतील शिक्षक जेफ्री पेरी व त्यांचे विद्यार्थी यांनी उपग्रहांचे रेडिओ संकेत ऐकून आणि कक्षांचे गणित मांडून 1966 मध्येच तो शोधून काढला होता. महासत्तेचे गुपित शालेय प्रयोगशाळेत उघड व्हावे, ही घटना साधनांच्या टंचाईची सबब सांगणाऱ्या कोणत्याही संशोधकाला विचार करावयास लावणारी आहे.

थुंबा ते श्रीहरिकोटा

भारताचा प्रारंभ याच्या अगदी उलट टोकापासून झाला. 1962 मध्ये विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती अणुऊर्जा विभागात स्थापन झाली. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळमधील थुंबा येथून नाइके-अपाची हा अमेरिकी बनावटीचा अग्निबाण सोडण्यात आला. 2 फेब्रुवारी 1968 रोजी इंदिरा गांधी यांनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला समर्पित केले. गुप्ततेचा येथे लवलेश नव्हता. चर्चच्या जुन्या वास्तूत कार्यालय थाटलेल्या या केंद्रातील पहिल्या पिढीत पुण्याचे प्रमोद काळे होते. घन इंधनाच्या कामात वसंत गोवारीकर यांचे नाव अग्रभागी येते. 1979 ते 1985 या काळात ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते.

उपग्रह पूर्वेकडे सोडल्यास पृथ्वीच्या परिवलनाचा वेग अग्निबाणाला आयता मिळतो आणि गळून पडणारे टप्पे समुद्रात जातात. त्यामुळे पूर्व किनारा हवा होता. पुलिकत सरोवर व बंगालचा उपसागर यांच्यामधील श्रीहरिकोटा बेटाची निवड 1969 मध्ये झाली आणि 9 ऑक्टोबर 1971 रोजी रोहिणी-125 च्या उड्डाणाने तळ कार्यान्वित झाला. बेटावरील यानादी आदिवासींना त्यासाठी आपली जागा सोडावी लागली. तळाच्या गौरवपर वृत्तांतांत हा उल्लेख क्वचितच आढळतो.

श्रीहरिकोट्याचे घटक लष्करी पथकांप्रमाणे क्रमांकांनी ओळखले जात नाहीत, परंतु त्यांतील शिस्त लष्करी तळापेक्षा कमी नाही. 1977 मध्ये सुरू झालेला घन इंधन कारखाना, मोटारी जमिनीवरच पेटवून पाहणारा चाचणी विभाग, जोडणी इमारती, रडार व मागोवा यंत्रणा, मोहीम नियंत्रण केंद्र आणि क्षेत्र-सुरक्षा विभाग ही त्यांची रचना होय. यांपैकी क्षेत्र-सुरक्षेचे काम सर्वांत कठोर आहे. भरकटलेला अग्निबाण वस्तीकडे वळण्यापूर्वीच नष्ट करण्याचा आदेश याच विभागाने द्यावयाचा असतो. 25 डिसेंबर 2010 रोजी जीएसएलव्ही-एफ06 बाबत तसे करावे लागले. घन इंधनाचे काम तर नेहमीच जिवावरचे असते. 23 फेब्रुवारी 2004 रोजी श्रीहरिकोट्यात इंधनाला लागलेल्या आगीत सहा जणांनी प्राण गमावले. त्यांपैकी एकही जण सैनिक म्हणून तेथे गेलेला नव्हता.

एकाच तळावर दोन्ही

18 जुलै 1980 रोजी एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. या प्रकल्पाचे संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम 1982 मध्ये संरक्षण संशोधनाकडे गेले आणि 1983 मध्ये एकात्मिक मार्गदर्शित क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम मंजूर झाला. येथवरचा भाग सर्वपरिचित आहे. त्यानंतरची काही वर्षे मात्र दुर्लक्षित राहिली आहेत. 25 फेब्रुवारी 1988 रोजी पृथ्वी या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली, ती श्रीहरिकोट्यावरून. नागरी म्हणून ओळखला जाणारा तळ त्या दिवशी लष्करी शस्त्राचा तळ होता. पुढे 22 मे 1989 रोजी चांदीपूरहून अग्नीची पहिली चाचणी झाली. अग्नीचा पहिला टप्पा एसएलव्ही-3 च्या घन इंधन मोटारीवर आधारलेला होता, तर दुसरा पृथ्वीच्या द्रव इंधन यंत्रणेवर. थोडक्यात, दोन्ही शाखांचे तंत्र या एका अग्निबाणात एकत्र आले होते.

जगाच्या ही बाब लक्षात आली नसती तरच नवल. 1987 मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावरील आंतरराष्ट्रीय नियंत्रण व्यवस्था अस्तित्वात आली होती. मे 1992 मध्ये अमेरिकेने रशियाच्या ग्लावकॉसमॉसबरोबरच भारतीय अवकाश संशोधन संस्थेवरही निर्बंध लादले. निमित्त होते क्रायोजेनिक इंजिनाच्या कराराचे. द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन अतिशीत अवस्थेत भरावे लागणारे इंजिन युद्धसज्ज क्षेपणास्त्राला निरुपयोगीच असते. तरीही निर्बंध आले. अवकाश आणि संरक्षण यांचे मार्ग वेगळे दाखवणे ही यानंतर केवळ धोरणाची नव्हे, तर व्यवहाराची गरज बनली.

'अंतरिम' या शब्दामागे

चांदीपूरला तोफगोळ्यांची परीक्षा 1895 पासून होत आली आहे. ओहोटीच्या वेळी तेथील समुद्र सुमारे 5 किलोमीटर मागे सरतो आणि डागलेले गोळे ओल्या वाळूतून शोधून परत आणता येतात. निसर्गाने दिलेल्या या सोयीमुळे तोफखान्याचे परीक्षण केंद्र तेथे स्थिरावले आणि क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रही त्याच्याच शेजारी आले. या क्षेत्राचे अधिकृत नाव 'अंतरिम चाचणी क्षेत्र' असे पडले. 'अंतरिम' का, हा प्रश्न विचारल्याखेरीज या तळाचा इतिहास पुरा होत नाही.

कायमस्वरूपी राष्ट्रीय चाचणी क्षेत्र त्याच बालासोर जिल्ह्यात बालियापाल व भोगराई परिसरात व्हावयाचे होते. धान, विड्याची पाने, नारळ आणि मासळी यांवर जगणारा हा सुपीक पट्टा होता. 1985 पासून तेथील शेतकरी व मच्छीमार संघटित झाले. गावाकडे येणाऱ्या वाटांवर अडथळे उभे राहिले. सरकारी वाहन दिसताच शंख फुंकून व थाळ्या बडवून गावे गोळा होऊ लागली. आंदोलन प्रामुख्याने अहिंसक होते आणि स्त्रियांचा त्यात मोठा वाटा होता. बालियापालला तळ झाला नाही आणि 'अंतरिम' ठरवलेले क्षेत्र दशकानुदशके कार्यरत राहिले. पाझर तलाव, धरणे व औद्योगिक वसाहतींसाठी जमिनी दिलेल्या मराठवाड्याच्या वाचकाला या लढ्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. देशाला क्षेपणास्त्रे हवी होती आणि बालियापालला आपली जमीन हवी होती. या दोहोंपैकी एकच मागणी नोंदवणारा इतिहास अपुरा म्हणावा लागेल.

मुख्य भूमीवरील जागा अशी मर्यादित राहिल्याने किनाऱ्यापलीकडील व्हीलर बेटाचे महत्त्व वाढले. 1993 मध्ये पृथ्वी क्षेपणास्त्राचे लक्ष्य म्हणून ते वापरले गेले. पुढे लांब पल्ल्याच्या अग्नी मालिकेच्या चाचण्या तेथूनच होऊ लागल्या. 4 सप्टेंबर 2015 रोजी त्याला अब्दुल कलाम यांचे नाव देण्यात आले. चाचणी यशस्वी झाल्यानंतर क्षेपणास्त्र वापरणाऱ्या पथकांकडे जाते. अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांवर जानेवारी 2003 मध्ये स्थापन झालेल्या सामरिक बल कमांडचे नियंत्रण आहे आणि तिच्या पथकांची सरावादाखल उड्डाणेही याच क्षेत्रात होतात.

पुणे, नाशिक, वालचंदनगर

महाराष्ट्रात प्रक्षेपण तळ नाही, म्हणून त्याचा या इतिहासाशी संबंध नाही, असा समज होण्याचा संभव आहे. वास्तव तसे नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा आहे. 1958 मध्ये पुण्यात शस्त्रास्त्र संशोधनाची प्रयोगशाळा आली. पिनाक हा बहुनळी अग्निबाण तिचाच. 1960 मध्ये स्फोटकांच्या संशोधनाची स्वतंत्र प्रयोगशाळा पुण्यात सुरू झाली आणि 1995 पासून ती उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते. दिघी येथील अभियांत्रिकी संशोधन आस्थापनेने क्षेपणास्त्रांची फिरती प्रक्षेपण वाहने विकसित केली. मोठ्या घन इंधन मोटारींचे काम करणारे संरक्षण खात्याचे केंद्र नाशिकला आहे. दुसऱ्या बाजूस, इंदापूर तालुक्यातील साखर कारखान्याभोवती वाढलेल्या वालचंदनगरच्या यंत्रशाळेत उपग्रह वाहकांच्या मोटारींची पोलादी आवरणे तयार झाली आणि विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात विकास इंजिने.

आवरण घडवणाऱ्या कारागिराला त्यातून उपग्रह जाणार की स्फोटकाग्र, यावरून वेल्डिंगची पद्धत बदलावी लागत नाही. नागरी आणि लष्करी यांतील सीमारेषा कागदावर, खात्यांच्या नावांत आणि तळाच्या प्रवेशद्वारावर स्पष्ट असते. यंत्रशाळेत ती पुसट होते.

पुन्हा एकत्र

गेल्या काही वर्षांत ही रेषा तळावरही पुसट होऊ लागली आहे. नौदलासाठीचा जीसॅट-7 हा उपग्रह 30 ऑगस्ट 2013 रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून गेला, कारण तेवढे वजन पेलणारा भरवशाचा भारतीय वाहक तेव्हा उपलब्ध नव्हता. हवाई दलासाठीचा जीसॅट-7ए 19 डिसेंबर 2018 रोजी श्रीहरिकोट्यावरून गेला. नौदलाचा सुमारे 4,410 किलो वजनाचा सीएमएस-03 हा उपग्रहही 2 नोव्हेंबर 2025 रोजी तेथूनच सोडण्यात आला. दरम्यान 2019 मध्ये बंगळूरु येथे संरक्षण अवकाश संस्था स्थापन झाली. या संस्थेकडे स्वतःचा प्रक्षेपण तळ नाही.

दोन्ही तळ एकाच कामासाठी जोडले गेल्याचे सर्वांत ठळक उदाहरणही 2019 चेच आहे. 24 जानेवारीला श्रीहरिकोट्यावरून पीएसएलव्ही-सी44 ने मायक्रोसॅट-आर हा उपग्रह कक्षेत सोडला. 27 मार्चला अब्दुल कलाम बेटावरून निघालेल्या क्षेपणास्त्राने सुमारे 300 किलोमीटर उंचीवर त्याचाच वेध घेतला. लक्ष्य नागरी तळावरून गेले होते आणि अस्त्र लष्करी तळावरून. त्या उपग्रहाचे तुकडे पुढील कित्येक महिने कक्षेत फिरत होते आणि त्यांची नोंद परदेशी निरीक्षण केंद्रे ठेवत होती.