उन्हाळ्याचा साधा पेहराव : आधी कापड, मग शिवण, शेवटी साज

चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले की कपाटातील निम्मे कपडे नुसते पाहूनही नकोसे होतात. अशा वेळी बाजारात ‘उन्हाळी’ म्हणून मांडलेले फिकट रंगांचे, फुलाफुलांचे कपडे मोहात पाडतात; परंतु त्यांतील अनेक कपडे कृत्रिम धाग्यांचे असतात आणि पहिल्याच दुपारी अंगाला चिकटतात. रोज कार्यालयात जाणाऱ्या, बाजारहाट करणाऱ्या, मुलांना शाळेतून आणणाऱ्या, बस वा लोकल गाडीतून प्रवास करणाऱ्या स्त्रीसाठी उन्हाळी पेहराव हा केवळ आवडीनिवडीचा विषय नसून आरोग्याचाही विषय आहे.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार कमाल तापमान मैदानी प्रदेशात किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार केला जातो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांतही हलक्या वजनाचे, फिकट रंगाचे, सैल आणि सच्छिद्र सुती कपडे वापरावेत, तसेच गॉगल, छत्री किंवा टोपी आणि पादत्राणे यांशिवाय उन्हात जाऊ नये, असे सांगितलेले आहे. या सूचना पाळूनही पेहराव देखणा ठेवता येतो. त्यासाठी मोठा खर्च करावा लागत नाही; निवडीचा क्रम मात्र सांभाळावा लागतो.

हवा कोरडी की दमट?

शरीर थंड राहते ते घाम येण्याने नव्हे, तर तो वाळण्याने. म्हणून कपड्याची निवड गावाच्या हवेवर अवलंबून असते. नागपूर, जयपूर, दिल्ली किंवा हैदराबाद येथील उन्हाळा बहुतांशी कोरडा असतो. तेथे घाम लवकर वाळतो, पण ऊन आणि झळा त्वचेला भाजून काढतात. अशा ठिकाणी पूर्ण बाहीचा, पायघोळ, सैल आणि अंग झाकणारा पेहराव अधिक सुखाचा ठरतो.

मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई किंवा कोलकाता येथे हवेतच बाष्प भरलेले असल्याने घाम सहजी वाळत नाही. तेथे अंगावर वाऱ्याला वाट मिळणे महत्त्वाचे असते. विरळ विणीचे कापड, आखूड किंवा सैल बाह्या, मोकळा गळा आणि कमीत कमी थर, ही तेथील गरज होय. नागपुरात सोयीचा वाटलेला पेहराव मुंबईत जड वाटतो, त्याचे कारण हेच.

धागा : निवडीची पहिली पायरी

धागा हवेतील बाष्प आणि त्वचेवरील ओल किती शोषतो, यावर कापडाचे सुख ठरते. प्रयोगशाळेतील प्रमाणित स्थितीत, म्हणजे २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना, १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम बाष्प धरून ठेवतो. लिनन सुमारे १२ ग्रॅम, तर पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. साध्या विणीच्या पॉलिएस्टरचा कुडता घामाने अंगाला चिकटतो, त्याचे मूळ या फरकात आहे.

लिनन हे अळशीच्या, म्हणजे जवसाच्या, खोडातील तंतूंपासून होते. ते ओल लवकर शोषते आणि लवकर वाळते. ते चुरगळते, हा त्याचा स्वभावच समजावा. लाकडाच्या लगद्यापासून तयार होणारे रेयॉन किंवा व्हिस्कोस मऊ आणि गार लागते, ओलही चांगली शोषते. मात्र ओले झाल्यावर त्याची ताकद घटते. म्हणून ते पिळू नये आणि घट्ट शिवू नये. सुताचे उलट आहे. ते ओले झाल्यावर अधिक बळकट होते. रोजच्या धुण्याला सूत टिकते ते यामुळेच.

वीण : देशभरातील उन्हाळी कापडे

एकच सूत विणीनुसार गार किंवा उबदार होते. भारतातील विणकरांनी उष्ण हवेसाठी विरळ आणि तलम कापडांची मोठी परंपरा निर्माण केली आहे. राजस्थानातील कोटा डोरिया हे तिचे उत्तम उदाहरण. कोटा शहराजवळील कैथून येथे विणल्या जाणाऱ्या या कापडात बारीक चौकड्या उठतात आणि त्यांतून वारा खेळतो. बंगालमधील शांतिपूर आणि फुलिया येथील तांताच्या साड्या, आंध्र प्रदेशातील मंगळगिरीचे सुती कापड, मदुराईची बांधणीची सुंगुडी, केरळमधील बलरामपुरमचे पांढरे-सोनेरी काठाचे कापड, ही सारी उन्हाळ्यात सोबत करणारी कापडे आहेत.

मध्य प्रदेशातील महेश्वरी कापडाशी मराठी घरांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी महेश्वर येथे विणकरांना आश्रय दिला आणि तेथील विणकाम बहरले. आज महेश्वरी आणि चंदेरी ही कापडे बहुधा रेशीम व सूत एकत्र विणून केली जातात. संध्याकाळच्या समारंभासाठी ती शोभतात. भर दुपारच्या वापरासाठी मात्र त्यांतील केवळ सुती प्रकार मागावा. गोव्यातील कुणबी साडी, लाल चौकड्यांची आणि घोट्याच्या वर नेसली जाणारी, हीदेखील शेतात राबणाऱ्या स्त्रियांची व्यवहारी वेशभूषा होती. दिवंगत वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला नव्याने प्रतिष्ठा मिळवून दिली.

छापील कापडांत जयपूरजवळील सांगानेरची पांढऱ्या पार्श्वभूमीवरील नाजूक फुले, बगरूची मातीच्या लेपाने केलेली दाबू छपाई आणि कच्छमधील अजरख यांतून निवड करता येते. एक छापील वस्त्र आणि दुसरे एकरंगी, एवढा साधा नियम पाळला तरी पेहराव जुळून येतो.

अस्तराकडे दुर्लक्ष नको

चांगल्या सुती कपड्याचा गुण वाया जातो तो बहुधा आतील थरामुळे. मलमलीच्या कुडत्याला कृत्रिम धाग्याचे अस्तर, तलम साडीखाली सॅटिनचा परकर, सुती ब्लाउजला नायलॉनचे अस्तर, असे सर्रास आढळते. त्वचेला लागून असलेले कापड जर ओल शोषत नसेल, तर वरच्या सुताचा उपयोग राहत नाही. कुडता विकत घेताना तो उलटा करून अस्तर तपासावे. पारदर्शक चिकनकारीखाली सुती स्लिप आणि साडीखाली सुती परकर वापरावा.

शिवण आणि रंग

फिकट रंग ऊन परावर्तित करतात, हे खरे. परंतु सैलपणाचे महत्त्व रंगाहून कमी नाही. १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाळवंटातील बेदुईन लोकांच्या काळ्या आणि पांढऱ्या झग्यांची तुलना करण्यात आली होती. काळा झगा अधिक उष्णता शोषतो, पण ती त्वचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच सैल झग्यातील खेळत्या हवेबरोबर निघून जाते. त्यामुळे आतील व्यक्तीला पोहोचणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच आढळली. गडद रंग आवडणाऱ्या स्त्रियांनी तो सोडण्याची गरज नाही. तो घट्ट शिवू नये, एवढेच.

शिवून घेताना मुंढा थोडा खोल, बाही सैल आणि कंबरेला घेर मोकळा ठेवण्यास सांगावे. कुडत्याचे बाजूचे काप उंच असल्यास चालताना वारा मिळतो. घामाचे डाग राखाडी आणि मध्यम छटांच्या एकरंगी कापडावर अधिक उठून दिसतात. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छपाईचे कापड ते झाकते. दिवसभर बाहेर राहणाऱ्या स्त्रीसाठी ही बाब लहान नाही. कडक उन्हात फार पातळ पांढरे कापड अतिनील किरणांना पुरेसे अडवत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. अशा वेळी खांद्यावर दुसरी सुती ओढणी उपयोगी पडते.

थोडक्या कपड्यांतून अनेक पेहराव

उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांसाठी पुढील वस्त्रे पुरेशी होतात : एक पांढरा आणि एक छापील कुडता, एक सैल सुती किंवा लिननचा शर्ट, एक पांढरी आणि एक गडद निळी सैल विजार, एक घोळदार लांब परकर-स्कर्ट, दोन ओढण्या आणि एक तलम सुती साडी.

कार्यालयासाठी पांढरा कुडता, निळी विजार आणि अजरखची ओढणी नीटनेटकी दिसते. बाजारहाटासाठी छापील कुडता व पांढरी विजार पुरे. ओढणीऐवजी छत्री आणि कापडी पिशवी घ्यावी. प्रवासात सैल शर्ट, बाह्या अर्ध्या दुमडून, लांब स्कर्टवर घालावा. गाडीत गारवा वाढल्यास बाह्या उलगडता येतात. घरगुती समारंभास मलमलीची साडी, एकरंगी सुती ब्लाउज आणि केसांत मोगऱ्याचा गजरा असला की दुसऱ्या साजाची गरज उरत नाही. मोगरा उन्हाळ्यातच बहरतो, हा ऋतूचाच उपकार.

साज : मोजका आणि उपयोगी

उन्हात धातूचे जड दागिने तापतात. घामामुळे निकेलसारख्या धातूंचा अंश त्वचेवर उतरतो आणि खाज वा पुरळ येऊ शकते. म्हणून मातीचे, लाकडी किंवा दोऱ्यात ओवलेल्या मण्यांचे दागिने, काचेच्या बांगड्या अथवा हलकी चांदी निवडावी. गळा मोकळा ठेवून केवळ कानांत मोठे डूल घातले, तरी साध्या कुडत्याला उठाव येतो.

पायांत कोल्हापुरी चप्पल सर्वच पेहरावांना शोभते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. कमावलेल्या चामड्याची ही चप्पल पाण्यात भिजू देऊ नये. पहिल्या पावसाआधी ती पुसून, वाळवून ठेवून द्यावी.

गॉगल घेताना काचेचा काळेपणा पाहू नये, तर ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या अतिनील किरणांपासून संरक्षण असल्याची नोंद पाहावी. अशा संरक्षणाविना केवळ गडद असलेल्या काचेमागे बाहुली विस्फारते आणि अपायकारक किरण डोळ्यांत अधिक जाऊ शकतात.

दुचाकीवरून जाणाऱ्या स्त्रियांनी ओढणी आणि पदर यांविषयी विशेष दक्षता घ्यावी. सुटे टोक चाकात अडकून गंभीर अपघात होतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत यासाठी मोटारसायकलच्या मागील चाकाला संरक्षक जाळी आवश्यक आहे. ती काढून टाकू नये. चेहऱ्याला बांधलेल्या ओढणीची टोके आत खोचावीत आणि शिरस्त्राण तिच्यावर घट्ट बसते का, हे पाहावे.

खरेदीतील पारख

‘कॉटन’ असे तोंडी सांगितले म्हणजे कापड सुती असतेच असे नाही. आतील चिठ्ठीवर धाग्यांचे प्रमाण पाहावे. शंका असल्यास कडेचे दोन धागे काढून धातूच्या ताटलीत काळजीपूर्वक जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख राहते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो.

हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आणि २०१५ पासून ‘इंडिया हँडलूम ब्रँड’ ही चिन्हे आहेत. खादीसाठी ‘खादी मार्क’ असते. यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकले जाते तेव्हा नुकसान ग्राहकाचे होतेच, पण त्याहून अधिक विणकराचे होते. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक व्यक्ती हातमाग आणि संलग्न कामांत आहेत व त्यांत सुमारे ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. एका स्त्रीचा उन्हाळा सुसह्य करणारे कापड बहुधा दुसऱ्या स्त्रीच्या हातांनी विणलेले किंवा तिने कांडी भरून दिलेले असते.

निगा

घामाने भिजलेला कपडा तसाच गोळा करून ठेवू नये. घरी येताच साध्या पाण्यातून काढावा. छापील आणि गडद सुती कपडे पहिल्यांदा वेगळे धुवावेत आणि उलटे करून सावलीत वाळवावेत. दमट हवेत कपड्यांना दाट खळ देऊ नये. ती विणीतील छिद्रे बुजवते आणि कापड गरम वाटू लागते. कोरड्या हवेत तांदळाच्या पेजेची पातळ खळ पुरेशी असते.

उन्हाळी पेहरावाचा क्रम त्यामुळे असा राहतो : गावची हवा ओळखावी, धागा आणि अस्तर तपासावे, शिवण सैल ठेवावी, मग रंग आणि अखेरीस साज. या क्रमाने निवडलेले पाच-सहा साधे कपडे संपूर्ण ऋतू निभावून नेतात आणि नीट निगा राखल्यास पुढच्या चैत्रातही तितक्याच आनंदाने कपाटातून बाहेर निघतात.