स्वखुशीचा राजीनामा

मागच्या वेळी आपण सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं लावून घ्यायचं ते बोललो. त्यानंतर एका ताईंनी निरोप पाठवला, "आमची जमीन कुळाची होती, सासऱ्यांच्या वडिलांनी सोडून दिली म्हणतात. अशी का हो सोडून दिली असेल?" मला हा प्रश्न फार जवळचा वाटला, कारण आमच्या घरातही हेच वाक्य ऐकत मी मोठी झाले. सोडून दिली. जसं काही जुनं लुगडं दिलं बोहारणीला.

तर आज त्या सोडून देण्याचीच गोष्ट सांगते.

आपल्या अलिबागच्या खारपाटातून सुरुवात करू. खाडीला बांध घालून, खारं पाणी अडवून तिथं भातशेती उभी राहिली. बांध घालणारे, फुटला की चिखलात उतरून रातोरात तो बुजवणारे सगळे कुळांच्या घरचे. जमीन मात्र खोताच्या, सावकाराच्या नावावर. खंड भाताच्या मणांत ठरायचा आणि कबुलायत बहुधा एका वर्षाची. ही एक वर्षाची मुदत नीट लक्षात ठेवा, सगळी खुबी तिच्यात होती. वीस वर्षं तीच जमीन कसणारा माणूस कागदावर दर वर्षी नवा असायचा. खंड देऊन वर वेठीला नाही म्हणाला, बायको खोताच्या घरी कांडणाला गेली नाही, की पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याला. आणि कधी कधी वर्ष पुरं व्हायची वाटही बघायची नाही. सरकारी दप्तरात कुळाचं नावच नसेल तर त्यानं दाद कुठं मागायची?

म्हणून 27 ऑक्टोबर 1933 ला चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं जो संप ठरला, त्यात खंड कमी करा ही मागणी होतीच, पण कुळांची नावं दप्तरात लावा ही मागणीही होती. 25 गावांनी जमिनी कसायचं बंद केलं. शेतकऱ्याचा संप म्हणजे स्वतःच्याच चुलीवर पाणी ओतणं. लोकांनी लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली. सहा वर्षं निघाली. पुढाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत, आणि असायलाच हवीत. पण सहा वर्षं भाताशिवाय घर चालवलं कोणी, हे मला वेगळं सांगायला नको.

त्याच काळात, 1937 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी त्यासाठी मोर्चा घेऊन मुंबईत गेले. बिल काही पास झालं नाही. पण 1939 साली पहिला कुळकायदा आला. 1 जानेवारी 1938 च्या आधी सलग सहा वर्षं जमीन कसणारा तो 'संरक्षित कूळ', असं त्यात ठरलं. मात्र हा कायदा सगळीकडे एकदम लागू झाला नाही. मालकांना मधे सवड मिळाली, आणि ती त्यांनी वाया घालवली नाही.

स्वातंत्र्यानंतर 1948 चा कायदा आला. यालाच आपण आजही 'कुळकायदा' म्हणतो. खंडाची मुदत दहा वर्षांपेक्षा कमी धरायची नाही, खंड पिकाच्या एक तृतीयांशावर घ्यायचा नाही, आणि मामलेदाराच्या हुकुमाशिवाय मालकानं जमिनीचा ताबा घ्यायचा नाही. कूळ मेलं तर त्याचे जे वारस कसायला तयार असतील त्यांच्याकडे तेच कूळपण पुढं चालू. म्हणजे विधवेकडेही. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. 1948 सालच्या कायद्यात आमच्या आजीची सोय होती, आणि आजीला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग जमिनी गेल्या कशा? दोन वाटा होत्या. एक, मालक म्हणायचा, मला स्वतः कसायची आहे. नोटीस देऊन तसं करता येत असे, काही मर्यादेपर्यंत. दुसरी वाट जास्त सोपी. कुळानंच म्हणायचं, मला नको. याला कायद्यात शब्द आहे राजीनामा. कूळ फसू नये म्हणून अट होती की राजीनामा लेखी हवा आणि मामलेदारानं कुळाला समोर उभं करून खात्री करायला हवी. अट चांगली होती. पण मामलेदार विचारणार एक प्रश्न, आणि कुळाला गावात राहायचं असतं सगळं वर्ष.

माझ्या आजीचं सांगते. आजोबा गेले त्या साली घरात दोन शेतं होती, दोन मालकांची. पहिला मालक गावातलाच. पावसाळ्यातली खावटी त्याच्याकडूनच यायची. दिवस झाल्यावर तो घरी आला, अगदी माणुसकीनं बसला, आणि म्हणाला, "वहिनी, नवीन कायद्याची भानगड आहे, नुसत्या कागदावर सोडल्याचं लिहून द्या. शेत तुम्हीच लावा. खावटीचं मी बघतो." आजी कचेरीत गेली. साहेबांनी विचारलं, स्वखुशीनं सोडता का? आजी सांगायची, "मी मान हलवली. हो म्हटलं नाही हां, मान हलवली." अंगठा उठला. पुढच्या आषाढात ती त्याच शेतात लावणीला गेली, पण मजुरीनं.

अशी ती एकटी नव्हती. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर या अभ्यासकांनी कुळकायद्याची गावोगावी पाहणी केली. 1957 साली छापलेल्या त्यांच्या अहवालात हीच गोष्ट आहे. कुळांनी मोठ्या प्रमाणावर जमिनी 'आपणहून' सोडल्या होत्या, आणि हे आपणहून सोडणं खरं मानायला ते तयार नव्हते.

सरकारलाही हे दिसत होतं. 1956 च्या दुरुस्तीनं कायदा घट्ट झाला. मुदत संपली एवढ्याच कारणानं कूळ काढता येणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं. स्वतः कसायला जमीन हवी असेल तर मालकानं 31 डिसेंबर 1956 पर्यंत नोटीस द्यायची आणि 31 मार्च 1957 पर्यंत अर्ज करायचा. आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी उरलेलं कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं जाणार. किंमत सरकारी आकाराच्या 20 पट ते 200 पट यांच्या दरम्यान ठरवायची, हप्त्यांनी फेडायची. मराठवाड्यात आणि विदर्भात कायदे वेगळे, तारखा वेगळ्या, तिकडच्या मैत्रिणींनी हे ध्यानात घ्यावं.

आता दुसऱ्या शेताचं. त्याची मालकीण मुंबईला राहणारी एक विधवा बाई. वर्षाला भाताची पोती जायची, त्यावर तिचं बरंच भागायचं म्हणे. मालक म्हटला की मिशा पिळणारा खोत डोळ्यांपुढं येतो, पण भाताच्या चार पोत्यांवर जगणाऱ्या अशा बायकाही मालकच होत्या. कायद्यानं त्यांचा विचार केला. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर 1 एप्रिलची खरेदी लांबणीवर. ती बाई हयात असेपर्यंत कूळ कूळच राहील. ती गेल्यावर ठरल्या मुदतीत कुळानं लेखी कळवायचं की मी जमीन घेतो. मला हे न्यायाचं वाटतं. पण बघा हं, मुंबईतली म्हातारी कधी गेली हे खारपाटातल्या कुळाला कळणार कसं? मुदत निघून गेली आणि हक्कही गेला, अशी कितीतरी कुळं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली.

आमचं नशीब एवढंच की माझे थोरले काका तोवर गिरणीत लागले होते. ते दर वर्षी स्वतः भात पोचवायला जायचे. एका वर्षी दार मुलानं उघडलं, आणि काकांना कळलं. त्यांनी महिन्याभरात एका वकिलाकडून दोन कागद लिहून घेतले, एक मुलाला, एक शेतजमीन न्यायाधिकरणाला. ते शेत आज आमचं आहे.

पहिल्या शेतासाठी काकांनी पुन्हा प्रयत्न केला. 1969 मध्ये कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली. 15 जून 1955 रोजी ज्याच्या ताब्यात जमीन होती आणि 1 एप्रिल 1957 च्या आधी ज्याला बेकायदा काढलं, त्याला ती परत मिळावी, जर 31 जुलै 1969 रोजी ती मालकाकडेच असेल तर. सरकारनं कबूलच केलं म्हणायचं की या दोन वर्षांत काय काय झालं ते. काका मोठ्या आशेनं कचेरीत गेले. कारकुनानं जुना फेरफार काढून वाचून दाखवला. राजीनामा लेखी, मामलेदारासमोर पडताळलेला, सगळं कायदेशीर. शेवटी आजीचा अंगठा.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घराण्यापुरतं मला देता येणार नाही. पण तलाठ्याकडून त्या गटाचे 1948 ते 1960 मधले जुने फेरफार आणि सातबारे नकलेसाठी मागा. नोंदीत 'राजीनामा' आहे, 'मालकास स्वतः कसण्यासाठी' आहे की नुसतंच 'कुळाचे नाव कमी केले' आहे ते बघा. तिसरं असेल तर कागद घेऊन माझ्याकडे या, आपण वकीलताईंना दाखवू.

आजी शेवटपर्यंत त्या शेताच्या बांधावरून जाताना उभी राहायची. बांध कुठं खचलाय का बघायची.