सांडपाण्यातील विषाणू : पुराव्याच्या स्वरूपाचा इतिहास

सांडपाण्यात अमुक विषाणू आहे असे म्हणण्यास कोणता पुरावा पुरेसा मानावा, या प्रश्नाचे उत्तर कालानुसार बदलत आले आहे.

इ. स. १९३९ साली अमेरिकेतील चार्ल्स्टन येथे पोलिओची साथ आली असता जॉन पॉल व जेम्स ट्रास्क यांनी तेथील सांडपाणी माकडांना टोचून पाहिले. माकडांना जडलेला रोग हाच त्या काळी पुरावा होता. १९४९ साली एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू पेशीसंवर्धनात वाढविला आणि पुढे माकडांची जागा पेशींनी घेतली. मुंबईत २००१ साली पोलिओसाठी सुरू झालेली सांडपाण्याची तपासणीही याच परंपरेतील होय. या रीतींत विषाणू प्रथम प्रकट होतो तो त्याच्या कृतीने.

त्याच्या द्रव्यावरून तो ओळखण्याची वाट निराळी आहे. १९३५ साली स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या मोझेइक रोगाचा विषाणू स्फटिकरूपात मिळवून तो प्रथिन असल्याचे प्रतिपादिले. त्यात न्यूक्लिइक अम्लही असल्याचे बॉडेन व पिरी यांनी लवकरच दाखविले. अ‍ॅस्टन यांच्या १९१९ च्या उपकरणाने अणूंचे वस्तुमान मोजता येऊ लागले होते. परंतु प्रथिनांसारखे मोठे रेणू वायुरूप करताना भंगत. १९८० नंतरच्या दशकात फेन व तानाका यांनी ही अडचण दूर केली. त्याबद्दल २००२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. कोविडच्या साथीत सांडपाण्यातील विषाणूची प्रथिने या मास स्पेक्ट्रोमेट्रीने शोधण्याचे प्रयत्न झाले.

या पद्धतीत ट्रिप्सिनने प्रथिनांचे तुकडे करून त्यांचे व त्यांच्या खंडांचे वस्तुमान मोजतात आणि ते ज्ञात अनुक्रमांशी ताडून पाहतात. म्हणजे यंत्र केवळ वजन सांगते; विषाणूचे नाव तुलनेतून ठरते. ल्यूसीन व आयसोल्यूसीन यांचे वस्तुमान तर अगदी सारखेच असते. शिवाय एकच तुकडा दोन सजातीय विषाणूंत आढळू शकतो, आणि सांडपाण्यात मानवी व जिवाणूंच्या प्रथिनांची गर्दी असते. म्हणून केवळ त्याच विषाणूत आढळणारा तुकडा मिळाल्यावाचून निर्णय देणे धाडसाचे ठरते.

तसा तुकडा मिळाला तरी विषाणूचे द्रव्य तेथे आहे एवढेच सिद्ध होते; तो रोगकारक अवस्थेत आहे, हे नव्हे. माकडाने दिलेली साक्ष नेमकी हीच होती. नव्या पुराव्याने जुना पुरावा बाद होत नाही. प्रश्न मात्र बदलतो, आणि आरोग्यविषयक निर्णय घेणाऱ्याने हा भेद विसरता कामा नये.